दोन तुकड्यांचा कीबोर्ड

बनसोडे भाऊसाहेब ऑफिसात आले की कामाला बसायच्या आधी स्वतःच्या हातांवर बसायचे. अगदी खरोखर. दोन्ही तळवे मांड्यांखाली सारायचे आणि डोळे मिटून पाच मिनिटं तसेच राहायचे. त्या पाच मिनिटांत साहेबांची बेल वाजू दे, नाहीतर शिपाई तातडीचं टपाल घेऊन समोर उभा राहू दे, भाऊसाहेबांचे हात काही बाहेर निघायचे नाहीत.

"बोटं तापल्याबिगर मशीनला हात लावायचा न्हाई," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. "उठल्या उठल्या बैल तरी जुंपता का तुमी?"

सांगलीतल्या त्या सरकारी ऑफिसात टायपिस्ट आम्ही दोघंच. भाऊसाहेबांची चोवीस वर्षं नोकरी झालेली, मी नुकतीच लागलेली. आमची टेबलं समोरासमोर होती, त्यामुळे दिवसभर मला त्यांचाच चेहरा दिसायचा. किडकिडीत अंगाचा माणूस. शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. काखेत बारा महिने छत्री. भर एप्रिलमध्ये कुणी छत्रीचं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "काय सांगता येतंय?" तीन प्रती मागितल्या तर पाच कार्बन लावायचे. का? काय सांगता येतंय. मूळ गाव कवठे महांकाळकडचं. तिकडं ढग आला तरी पाऊस येईलच असं कुणी धरत नाही. भाऊसाहेबांनी हा नियम सगळ्याच गोष्टींना लावला होता.

मीही काही धीराची नव्हते. नवरा साखर कारखान्यात हंगामी कामाला, घरात सासूबाई आणि दोन मुली, आणि माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. साहेबांनी नुसतं "जाधवबाई" म्हटलं तरी मी हातातलं सगळं टाकून उभी राहायचे. एका खोलीत दोन भित्री माणसं बसवली की भीती निम्मी होत नाही, चौपट होते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

भाऊसाहेबांच्या सगळ्या काळज्यांची राणी म्हणजे त्यांची उजवी करंगळी. दुपारनंतर तिला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या यायच्या आणि मग काही कळेनासं व्हायचं. एकदा त्यांनी माझ्यासमोर करंगळीला टाचणी टोचून दाखवली. माझ्याच तोंडून "आई गं" निघालं. ते शांत.

"डॉक्टरला दाखवा की भाऊसाहेब."

"दाखवलं की त्यो कागदावर लिवनार. कागदावर आलं की खरं झालं, बाई. आज ते नुसतं दुखतंय."

अशात ऑफिसात दोन कॉम्प्युटर आले. त्यांच्यासाठी पडदे आले, चपला काढायचं पायपुसणं आलं आणि मागोमाग परिपत्रक आलं. सर्व टायपिस्टांनी वर्षभरात साताऱ्याला जाऊन कॉम्प्युटरवर मराठी टायपिंगची चाचणी द्यायची. नापास झाल्यास भाऊसाहेबांची रवानगी आवक-जावकच्या टेबलावर. माझी कुठं होणार, ते परिपत्रकात लिहायचीही गरज नव्हती.

पहिले दोन दिवस भाऊसाहेब खूश होते. कळा लोण्यासारख्या मऊ. आठव्या दिवशी मात्र कळ कोपरापर्यंत चढली. एवढ्याशा कीबोर्डवर दोन्ही हात शेजारी शेजारी आणून बसायचं, खांदे आखडलेले, मनगटं बाहेर वळलेली.

"बेड्या घातल्यागत बसावं लागतंय," ते म्हणाले. "चप्पल घेताना माप बघतोय. सदरा शिवताना बघतोय. आन जल्मभर ज्येच्यावर हात ठेवायचा त्येचं माप कुणी घेतलं? ह्यो कुणाच्या हाताचा हाय? माझ्या तर न्हाई."

त्या दिवशी त्यांनी एका कोऱ्या फुलस्केपवर आपले दोन्ही पंजे ठेवले आणि मला पेन्सिल दिली. "काढा." मी बोटांच्या कडेकडेनं रेघ ओढली. साहेब नेमके तेव्हाच आत आले, बघून परत गेले. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात बातमी पसरली की बनसोडे भविष्य बघायला शिकतायत. तीन जण हात दाखवायला येऊन गेले.

मग मोजणी सुरू झाली. कुठलं अक्षर किती वेळा येतं, हे शोधायला भाऊसाहेबांनी जावक फाइल काढली आणि रद्द फॉर्मांच्या पाठीवर रेघा मारत बसले. चार उभ्या, एक आडवी. महिनाभर जेवणाच्या सुट्टीत हेच. शेवटी निष्कर्ष निघाला की सरकारी मराठीत काना सगळ्यांत जास्त येतो आणि सगळी सरकारी मराठी 'करण्यात येत आहे' या तीन शब्दांवर उभी आहे.

जुन्या रजिस्टरच्या पुठ्ठ्याचे त्यांनी चौकोन कापले, एकेकावर एकेक अक्षर लिहिलं आणि पंजांच्या त्या चित्रावर मांडायला सुरुवात केली. बोटांना त्यांनी हुद्दे दिले होते. तर्जनी आणि मधलं बोट म्हणजे कामाचे कारकून. करंगळी म्हणजे म्हातारा शिपाई.

"आन शिफ्ट कुणाकडं? करंगळीकडं! जोडाक्षर आलं की म्हाताऱ्यानं दार दाबून धरायचं. आन हे दोन अंगठे बघा. सगळ्यात दांडगे. काम काय, तर शब्द संपला की एक टिचकी. घरजावई हायेत नुसते."

म्हणून काना डाव्या अंगठ्याला मिळाला. त्याच्या शेजारी शिफ्टही. उजव्या अंगठ्याकडे मोकळी जागा आणि वेलांटी. करंगळ्यांना क्वचित येणारी अक्षरं, ढ, झ, ञ अशी. वरची आकड्यांची, एफ-वन, एफ-टूची रांग त्यांनी पार उडवली. बोटाला आपल्या घरापासून एका घरापलीकडं जावं लागू नये, हा नियम. एका सकाळी मला म्हणाले, "बाई, काल 'त'ला जाग्यावरनं हलवला आन सारी रात झोप न्हाई. त्येच्या शेजारचा थकार नाराज झाला असंल." मला हसू आलं, पण ते हसत नव्हते.

पुठ्ठ्याच्या चौकोनांनी टायपिंग होत नाही. तेव्हा भाऊसाहेबांनी मिरज गाठली. तिथं शब्बीरभाई म्हणून त्यांच्या ओळखीचे एक कारागीर होते. घराण्याचा धंदा सतारी-तंबोरे करायचा. पण इलेक्ट्रिक तंबोरे निघाल्यापासून शब्बीरभाई तेही दुरुस्त करू लागले होते. म्हणजे एका हातात लाकूड कोरायची पटाशी आणि दुसऱ्यात डाख लावायचा कावीया. भाऊसाहेबांना नेमका असाच माणूस पाहिजे होता. एका रविवारी मीही गेले. शब्बीरभाईंनी भाऊसाहेबांचा पंजा हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाले, "आवं, सतारीचा दांडासुद्धा वाजवणाऱ्याचा हात बघूनच करतो आमी. ह्यात येडेपणा कसला?"

भाऊसाहेबांना वेडं न म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला.

ऑफिसातला एक मोडका कीबोर्ड भंगारात निघाला होता. त्याच्या पोटातली सर्किटची पाटी काढून शब्बीरभाईंनी प्रत्येक कळेची तार वेगळी ओढली. तंबोऱ्याच्या उरलेल्या लाकडाचे दोन तुकडे कोरले, एक डाव्या हाताचा, एक उजव्याचा. तळव्याला जिथं खोलगट लागतं तिथं खोलगट, अंगठ्याच्या बाजूला उंच, करंगळीकडे उतार. प्रत्येकावर वीस-बावीस कळा. मध्ये लाल-पिवळ्या तारांचा झुबका. दोन तुकडे टेबलावर खांद्यांइतक्या अंतरावर ठेवून भाऊसाहेब बसले की हार्मोनियमची दोन शकलं वाजवणाऱ्या माणसासारखे दिसायचे.

खरा घोळ पुढंच होता. चोवीस वर्षांची जुनी सवय बोटांतून जाईना. दोन महिने त्यांची पत्रं म्हणजे करमणूक होती. 'साहेब दौऱ्यावर आहेत' असं लिहायचं तिथं 'साहेब वाऱ्यावर आहेत' असं पत्र सहीला गेलं. साहेबांनी बोलावून विचारलं, "बनसोडे, हे खेळणं किती दिवस चालणार?" भाऊसाहेब परत आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. पण यंत्र त्यांनी काढून ठेवलं नाही. सहाव्या महिन्यात बोटं वळणावर आली. कोपराची कळ गेली. करंगळी मात्र तशीच बधिर राहिली, पण आता तिच्यावाचून काही अडत नव्हतं.

चाचणीला यंत्र न्यायची परवानगी कशी मिळवली, तेही सांगायला हवं. टायपिंगच्या परीक्षेला उमेदवार आपापली मशीन घेऊन जातात, तेव्हा कीबोर्ड का नेऊ नये, असा त्यांनी दोन पानी अर्ज केला. वरून उत्तर आलं, 'हरकत नाही, जबाबदारी उमेदवाराची राहील.' त्या उत्तराच्या त्यांनी पाच प्रती काढल्या आणि पाच खिशांत ठेवल्या.

सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं निघालो. यंत्र पत्र्याच्या चौकोनी डब्यात, डबा भाऊसाहेबांच्या मांडीवर. पेठ नाक्यापर्यंत ठीक होतं. पुढं त्यांना वाटलं, आत काही निसटलं तर? काय सांगता येतंय. त्यांनी झाकण उघडलं. शेजारच्या मुंडासेवाल्या आजोबांना लाल-पिवळ्या तारा दिसल्या, आणि ते दिवस असे होते की बेवारस पिशवी दिसली तरी स्टँड रिकामं व्हायचं.

"आवं कंडक्टर! ह्ये बघा काय हाय!"

गाडी थांबली. निम्मे लोक उतरले.

"टायपायचं मशीन हाय," भाऊसाहेब म्हणाले.

"मग कागूद कुठं घालायचा?" आजोबांनी विचारलं.

झालं. भाऊसाहेबांनी समजवायला सुरुवात केली. करंगळी, शिपाई, घरजावई, काना, वेलांटी. कंडक्टरला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, मग उतरलेल्या लोकांसाठी खिडकीतून पुन्हा सांगितलं. मी घड्याळ बघत होते. शेवटी मागच्या सीटवरची एक म्हातारी वैतागून ओरडली, "आरं बाबांनो, बाँब आसता तर त्यो एवढा बोलला आसता व्हय? सोडा गाडी!"

गाडी सुटली. पण कंडक्टरनं डबा काही परत मांडीवर दिला नाही. "सगळ्यांच्या नजरंसमोर राहू द्या," म्हणत त्यानं तो ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर ठेवला. कराडच्या पुढं रस्त्याचं काम चाललं होतं. प्रत्येक खड्ड्याला डबा खाडकन् उडायचा आणि भाऊसाहेब आपल्या जागेवर उडायचे.

साताऱ्याच्या त्या हॉलमध्ये चार कॉम्प्युटर होते. पहिल्या तुकडीत भाऊसाहेब, दुसऱ्या तुकडीत मी, मागच्या बाकावर. भाऊसाहेबांनी यंत्र जोडलं, कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर इंग्रजी ओळ आली. परीक्षकांनी वाचून दाखवली, "कीबोर्ड सापडत नाही. पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा."

"कीबोर्ड न्हाई म्हनतोय," भाऊसाहेब पुटपुटले, "आन वर कळ दाबा म्हनतोय?"

आणि एफ-वन त्यांच्या यंत्रात नव्हतीच.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. तो चेहरा मला अजून आठवतो. पाणी आटलेल्या विहिरीत डोकावून बघणाऱ्या माणसाचा चेहरा.

परीक्षक म्हणाले, "यंत्र तुमचं, जबाबदारी तुमची. पाच मिनिटं देतो. नाहीतर आमच्या कीबोर्डवर बसा." आमच्या कीबोर्डवर, म्हणजे जो त्यांची बोटं सहा महिन्यांत विसरून गेली होती त्यावर. भाऊसाहेबांनी यंत्राखालची पट्टी उघडली. कॉम्प्युटरकडं जाणाऱ्या वायरीतली एक बारीक तार डाखातून सुटली होती. दोन टोकं चिमटीत धरून कॉम्प्युटर पुन्हा चालू केला की यंत्र चालत होतं, सोडली की बंद. डाख लावायला कावीया नव्हता, आणि चिमटीत धरायचं तर टाइप कुठल्या हातानं करणार?

मी उठले. का उठले ते मला माहीत नाही. माझी तुकडी पुढचीच होती, मला माझी बोटं जपायला हवी होती, हे सगळं कळत होतं. "मी धरते," म्हणाले.

परीक्षकांनी चष्मा वर केला. "तार धरू नये असा नियम नाही," ते म्हणाले.

दहा मिनिटं मी टेबलाखाली उकिडवी बसून दोन तारांची टोकं दाबून धरली. वर कळांचा आवाज चालला होता. आवाज थांबला की मी चिमूट आणखी आवळायचे. अंगठा बधिर झाला, मग दुसऱ्या हातानं पहिला हात धरला. माझ्या डोळ्यांसमोर भाऊसाहेबांचे पाय होते. चाळीस-पंचेचाळीस कळांवर नाचणाऱ्या त्या माणसाचे पाय जमिनीवर अगदी घट्ट रोवलेले होते.

भाऊसाहेब पास झाले. वेग हवा त्यापेक्षा चार शब्दांनी जास्त.

मी नापास झाले. माझी चिमूट सुटलीच नव्हती जणू. बोटं अर्धवट वळलेली, 'करण्यात'चा 'कराण्यत' होत होता. चुका मर्यादेबाहेर गेल्या. परतीच्या गाडीत भाऊसाहेबांनी डब्याचं झाकण एकदाही उघडून बघितलं नाही. घरी सासूबाईंनी विचारलं तर निकाल लागायचाय म्हणून सांगितलं, आणि भाकरी थापायला बसले तर हात परातीवर नुसता आपटत राहिला.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी साहेबांच्या टेबलावर एक अर्ज ठेवला. त्याची प्रत माझ्याजवळ आहे. पाचवी कार्बन कॉपी, त्यामुळे जरा पुसट.

'सदर चाचणीचे वेळी अर्जदाराचे यंत्राची तुटलेली तार श्रीमती जाधव यांनी स्वतःचे बोटांनी धरून ठेवली. त्यामुळे त्यांचे बोटांस ताण येऊन त्या अनुत्तीर्ण झाल्या. सबब अर्जदाराचे वेगातील निम्मा वेग श्रीमती जाधव यांचे नावे वर्ग करण्यात यावा, ही विनंती.'

साहेब इतके हसले की बाहेर ऐकू आलं. "बनसोडे, वेग काय रजा आहे का वर्ग करायला? आणि निम्मा दिला तर तुम्हीच नापास व्हाल."

"व्हय साहेब," भाऊसाहेब म्हणाले. "ते हिशोबात धरलंय."

साहेबांचं हसणं थांबलं. अर्ज अर्थातच मंजूर झाला नाही. पण तो पाहून त्यांनी वर पत्र लिहिलं, आणि मला तीन महिन्यांनी आणखी एक संधी मिळाली. शेवटची, असं पत्रात ठळक अक्षरांत होतं.

ते तीन महिने भाऊसाहेबांनी जेवणाची सुट्टी घेतली नाही. "तुमचं यंत्र मला शिकवा," मी म्हटलं होतं. त्यांनी मान हलवली. "ह्ये माझ्या हाताचं हाय. तुमच्या हाताला साधा कीबोर्ड बसतोय, मग त्येला कशाला मोडायचं?" त्यांनी माझ्या खुर्चीखाली दोन विटा घातल्या, मनगटाखाली जुनं बाइंडिंगचं रजिस्टर ठेवलं, आणि रोज अर्धा तास जुनी परिपत्रकं वाचून दाखवली. माझी एक चूक झाली की ते स्वतःच "चुकलं, चुकलं" म्हणायचे, जणू वाचण्यातच चूक झाली. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त घाम यायचा.

दुसऱ्या खेपेला साताऱ्याला मी एकटी गेले. भाऊसाहेबांनी आदल्या दिवशी नुसतं, "जाऊन या," म्हटलं. मला जरा लागलंच. निदान चार काळजीच्या सूचना तरी देतील असं वाटलं होतं.

चाचणी झाली. परीक्षक तेच होते. त्यांनी कागद तपासला, पुन्हा तपासला आणि म्हणाले, "झालात पास. आज कुणाची तार नाही धरली?" मला हसायचं होतं, रडू आलं. तोंड पुसत मी फाटकाबाहेर आले.

समोरच्या चहाच्या गाड्यावर, बाकाच्या टोकाला भाऊसाहेब बसले होते. काखेत छत्री. समोरच्या कपात चहा तसाच, वर साय आलेली.

"भाऊसाहेब! तुम्ही इथं?"

ते गडबडून उभे राहिले. "सहज. सहज आलो व्हतो."

"सांगलीहून साताऱ्याला सहज?"

ते नुसते माझा चेहरा बघत राहिले. मी मान हलवली तेव्हा त्यांनी एकदा डोळे मिटले आणि बाकावर खाली बसले. गाडेवाला म्हणाला, "ह्ये पाव्हणं सकाळी सातपासनं हितंच हायेत. तिसरा चहा हाय, एक बी प्याले न्हाईत."

सात वाजता साताऱ्यात म्हणजे माझ्या आधीची, पहाटेची गाडी. रजा टाकून. मला दिसू नये म्हणून.

भाऊसाहेबांची बायको गेल्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. ऑफिसात सगळ्यांना ते माहीत होतं, आणि त्यापुढचं कुणी कधी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. वर्षभर रोज समोर बसून.

"मग आत का नाही आलात?" मी विचारलं.

त्यांनी गार झालेला कप हातात घेतला, त्यावरची साय बोटानं बाजूला केली.

"आत काय करू?" ते म्हणाले. "घरात वाट बघावी असं आता कुणी न्हाई, बाई. म्हटलं, आज तुमची बघू."